चतुर्दशी पाळणारा बिबट्या

कोरडवाडीच्या ग्रामसभेनं हात वर करून ठराव केला, की ओढ्यापलीकडं रोज संध्याकाळी दिसणारे दिवे दोन आहेत. ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, टाळ्याही पडल्या. आता दिवे एक की दोन हे काय हात वर करून ठरवायचं असतं का, असं एखादा म्हणेल. पण कोरडवाडीत पाण्याच्या पाळीपासून मारुतीच्या देवळाच्या रंगापर्यंत सगळं हात वर करूनच ठरत आलेलं आहे, आणि त्यानं अजून कुणाचं काही बिघडलेलं नाही.

प्रश्न तसा साधा होता. अंधार पडला की गावापासून दोनेक किलोमीटरवर, ओढ्यापलीकडच्या चढावर, उसाच्या कडेला उजेडाचा ठिपका दिसायचा. कुणाला तो एक दिसे, कुणाला एकमेकांना चिकटलेले दोन. एक असेल तर माणूस, कारण रात्री पाणी पाजायला जाणारा जो तो डोक्याला एक बॅटरी बांधतो. दोन असतील तर डोळे. आणि इतक्या लांबून चमकणारे डोळे बिबट्याशिवाय कुणाचे असणार? हा सिद्धांत सुभेदार सयाजींचा. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण पहारा काही सुटला नव्हता. त्यांच्याकडं दुर्बीण होती. तिच्या एका नळीत बुरशी धरल्यामुळं तिच्यातून दिवे चार दिसायचे. नुसत्या डोळ्यांनी एक दिसायचा. तेव्हा दोन हा आकडा त्यांनी दोन्ही बाजूंचा मान राखून काढला होता. मोबाईलच्या दुकानवाल्या राहीलनं आपल्या नव्या फोननं झूम करून फोटो घेतला, तर फोननं कुणी न सांगता त्यात कान आणि मिशा भरून दिल्या. तो फोटो दुपारपर्यंत कवठे महांकाळला जाऊन परत आला.

खरं सांगायचं तर गावाला बिबट्या हवाच होता. शिराळ्याकडं बिबटे, कराडकडं बिबटे, फलटणच्या उसातसुद्धा म्हणे एक. कालव्याचं पाणी येऊन कोरडवाडीचा ऊस पुरुषभर उंच झाला, तरी इकडं एकही फिरकला नव्हता. सोयऱ्याधायऱ्यांत बसलं की गावकऱ्यांना खाली मान घालायची पाळी यायची.

ठरावाच्या विरोधात दोनच हात वर झाले. एक पद्मावती पाटील यांचा, दुसरा रामगोंडा पाटील यांचा. या दोन घरांचा एका बांधावरून अकरा वर्षं कोर्टात दावा चालू होता. पद्मावतीचा नवरा त्या दाव्याच्या तारखा करता करताच वारला, रामगोंडाची बायको त्याच्या आधी गेली, पण दावा धडधाकट होता. अशी ही दोन माणसं सभेच्या दोन टोकांना उभी राहून एकाच वेळी "दिवा एकच हाय" म्हणाली, तेव्हा सगळी सभा वळून बघायला लागली. मग सरपंच दादासो म्हणाले, की बघा, वैरी एक व्हावेत एवढं मोठं संकट गावावर आलेलं आहे. त्यावर ठराव आणखीच पक्का झाला.

पद्मावतीची मुलगी ब्राह्मी साताऱ्याला एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायची. दिवाळी होऊन गेल्यावर उरलेली सुट्टी काढायला ती मांडीवर एक पत्र्याची पेटी घेऊन साताऱ्याहून सांगलीच्या एसटीत बसली. पेटीत तिचं सहा वर्षांचं काम होतं. उघड्या माळावर, लांबच्या दिव्यावर ती पेटी चालवून बघायची आणि आलेल्या आकड्यांवर प्रबंधाचा शेवट करायचा, असा तिचा बेत होता. गावच्या फाट्यावर उतरून घरी पोचेपर्यंत तिघांनी तिला सांगितलं, की बरं झालं आलीस, तुझंच काम निघालंय.

आणि दुर्दैवानं ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी गावानं तिचा शाल-नारळ देऊन सत्कार केला होता आणि तू नेमकं काय करतेस ते सांग म्हणून माईक हातात दिला होता. तिनं सांगितलं होतं. दोन दिवे जवळजवळ असले आणि आपण लांब असलो, तर भिंगातून येताना दोघांचा उजेड पसरतो, एकमेकांत मिसळतो आणि आपल्याला एकच ठिपका दिसतो. दिवे जितके जवळ, तितकं चित्र आंधळं. पण उजेड कणाकणानं येतो, आणि त्या दोन दिव्यांत अंतर किती हे त्या कणांमध्ये शेवटपर्यंत शाबूत असतं. चित्र काढण्याच्या नादात आपणच ते हरवून बसतो. कणांकडून जास्तीत जास्त किती काढून घेता येतं याचीही निसर्गानं एक हद्द आखून दिली आहे, आणि ती हद्द चित्राच्या हद्दीच्या फार पुढं आहे. चित्र न काढता दुसऱ्या रीतीनं मोजलं तर तिथपर्यंत जाता येतं. यावर सयाजींनी विचारलं होतं, की मग मोठं भिंग का आणत नाही? तिच्या संशोधनाचा सगळा मुद्दाच मोठं भिंग न आणण्यात होता. डोळ्याच्या बाहुलीएवढ्या भोकातून जेवढा उजेड येतो, तेवढ्यातच डोळ्याला न कळणारं काढून दाखवायचं. हे तिनं समजावून सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कॉलेजला भिंग घ्यायची ऐपत नसावी असा समज करून घेऊन लोक जेवायला गेले.

तर आता दादासो आणि सयाजी घरी येऊन बसले. दिवे दोन आहेत हे ठरलेलंच आहे, पण वनखात्याचा माणूस पिंजरा द्यायला तयार नाही, पंजाच्या ठशाशिवाय देता येत नाही म्हणतो. तेव्हा तुझ्या यंत्रानं दोन आहेत असं सांगितलं, म्हणजे शास्त्राचा शिक्का बसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पद्मावती चहा ठेवत होती. दोघांचं ऐकता ऐकता ती चहात साखर घालायची विसरली. सयाजी तो तसाच प्याले, कारण डॉक्टरनं त्यांची साखर बंद केली होती आणि ते त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

त्या बुधवारी संध्याकाळी ब्राह्मीनं शाळेच्या गच्चीवर पेटी मांडली. पेटीची रीत ऐकायला विचित्र आहे, पण अवघड नाही. येणारा उजेड दोन वाटांनी न्यायचा. एका वाटेवर त्याची उलटापालट करायची, डावं उजवीकडं आणि वरचं खाली. मग दोन्ही पुन्हा एकमेकांवर घालायचे. दिवा एकच असला आणि नेम बरोबर त्याच्यावर असला, तर उलटा काय नि सुलटा काय, सारखाच. सगळा उजेड एका खिडकीतून बाहेर पडतो आणि दुसरी खिडकी काळी राहते. दिवे दोन असले तर नेम दोघांच्या बरोबर मधोमध धरायचा. मग काळ्या खिडकीत थोडे कण येतात. एक कण आला की पेटी टिक् करायची. म्हणजे उजेडाकडं बघायचंच नाही. जिथं उजेड असायला नको तिथं कान लावून बसायचं. ब्राह्मीनं आधी कालव्याच्या गेटवरच्या एकट्या बल्बवर पेटी लावून पाहिली, ती गप्प राहिली. मग ओढ्यापलीकडच्या ठिपक्यावर लावली, आणि पेटी पावसातल्या पत्र्यासारखी वाजायला लागली.

दिवे दोन होते. अंतर मीटरभर. ब्राह्मीला इतका आनंद झाला की तिला गच्चीवर एकटीनंच हसू आलं. सहा वर्षांत प्रयोगशाळेत इतके स्वच्छ आकडे आले नव्हते. पण दोन म्हटलं की गाव बिबट्याच ऐकणार, म्हणून तिनं खाली येऊन सांगितलं, की यंत्राचं असं एका दिवसात होत नसतं, आणखी मोजायला लागेल. घरी आली तेव्हा आई अजून शेतावरून यायची होती.

या शेतावर जाण्याविषयी थोडं सांगायला हवं. पद्मावतीच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नसे. सहाच्या आत भांडी घासून व्हायची, आणि मग ती डोक्याला बॅटरी बांधून पायवाटेनं ओढा ओलांडून उसाला पाणी चालू करायला जायची. वास्तविक मोटारीला ब्राह्मीनंच मागच्या वर्षी मोबाईलवरून चालू-बंद व्हायचं यंत्र बसवून दिलं होतं. आईनं ते दोन दिवस वापरलं. मग म्हणाली, की मोबाईलला पाणी कुठं फुटलं ते दिसत नाही, माणूस गेल्याशिवाय शेती होत नसती. ब्राह्मीला ते पटलं होतं. आपली आई कष्टाळू आहे असं तिचं मत होतं, आणि ते काही चूक नव्हतं.

गुरुवारी दिवे पुन्हा दोन होते, अंतर थोडं कमी. शुक्रवारी आणखी कमी. ब्राह्मी गोंधळली. हवेचा दोष म्हणावा तर हवा रोज एकाच बाजूला दोष देत नसते. शुक्रवारी गच्चीखाली दादासो, सयाजी आणि पन्नासेक माणसं आकडा घ्यायला थांबलेली होती. तिनं विचार केला, की उत्तर दिलं नाही तरी निदान बिबट्याचं भूत उतरवून टाकावं. ती म्हणाली, दिवे एक की दोन ते अजून सांगत नाही. पण समजा दोन असले, तर त्यांच्यात कमीत कमी दोन वीत अंतर असणार. कुठल्याही बिबट्याच्या डोळ्यांत एवढं अंतर नसतं, तेव्हा बिबट्या नाही.

लोक विचारात पडले. मग सयाजी म्हणाले, "दोन डोळ्यांत दोन वीत. म्हंजे जनावर लय मोठं हाय."

आणि गाव हादरलं. शिराळ्याला नाही, कराडला नाही, असा बिबट्या कोरडवाडीला आला होता. रविवारी संध्याकाळी हाका घालायचं जागीच ठरलं. ओढ्यापलीकडचा तेवढा ऊस चारी बाजूंनी घेरायचा, ट्रॅक्टरवर डॉल्बी लावायचा, पोरांनी काठ्या आणि मोबाईल घेऊन आत शिरायचं. दिवा दिसला तर त्याच्यावर चाल करायची. न दिसला तर जनावर दबा धरून बसलंय असं समजून सरळ उसात घुसायचं. ब्राह्मीनं सांगून बघितलं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला अशा माणसांपुढं आकड्यांचं काही चालत नाही. शेवटी दादासो एवढं म्हणाले, की रविवारी हाक्याच्या आधी तू शेवटचं मोज. एक निघाला तर माणूस आहे म्हणून सगळे घरी जाऊ. दोन निघाले तर मात्र आडवी येऊ नकोस.

शनिवारी दिवा दिसलाच नाही. ब्राह्मी तासभर गच्चीवर बसून राहिली. सयाजी खुर्ची घेऊन शेजारी होते. ते म्हणाले, हे नवीन नाही, हा पठ्ठ्या मधनंमधनं रजेवर जातो. मागच्या रविवारी नव्हता. त्याच्याआधी आठवडाभर रोज ड्युटीवर. त्याच्याआधी परत एक दिवस गायब. ब्राह्मीनं हो हो केलं, पेटी गुंडाळली आणि घरी आली. आई सोप्यात चटईवर बसून जपमाळ ओढत होती. शनिवारी चतुर्दशी होती. चतुर्दशीला आईचा उपवास असायचा, संध्याकाळ बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, जायची, आणि शेताकडं ती पाऊल टाकत नसे. अष्टमीलाही तसंच. मागचा रविवार अष्टमीचा होता.

ब्राह्मी दारातच उभी राहिली. बिबट्या अष्टमी आणि चतुर्दशी पाळत होता.

ओढ्यापलीकडं जैनांची शेतं दोनच. एक त्यांचं, दुसरं रामगोंडाकाकांचं. दोन्हींच्या मध्ये तो बांध. तिचा तीन दिवसांचा नेम, दोन दिव्यांच्या बरोबर मधोमध धरलेला, त्या बांधावरच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं सहा वर्षांचं शिक्षण घेऊन ती दोन किलोमीटरवरून आपल्या आईला मोजत होती, आणि तिच्या आणि रामगोंडाकाकांच्या मधलं अंतर रोज कमी होत होतं.

ब्राह्मीला पहिल्यांदा राग आला. चांगलाच आला. त्या बांधासाठी तिच्या वडलांनी रक्त आटवलं होतं. आजारी असताना दवाखान्याच्या खाटेवरून ते वकिलाला फोन करायचे. शेवटी शेवटी माणसं ओळखेनात, पण बांध किती फूट सरकला ते त्यांना पाठ होतं. आणि त्या बांधावर आई बसते, शत्रूच्या शेजारी, आणि तिकडं जायला तिनं माझ्या यंत्राला नावं ठेवली. ब्राह्मी त्या रात्री आईशी बोलली नाही. आईला उपवासामुळं बोलायची गरज वाटली नाही, त्यामुळं हा अबोला फारसा कुणाच्या लक्षात आला नाही.

अंथरुणात पडल्यावर तिच्या मनात दुसरंच यायला लागलं. सूर्य मावळल्यावर दोघंही काही खात नाहीत. चहासुद्धा नाही. म्हणजे तिथं बसायला चहाचाही बहाणा नाही. मोटारीचं काम मोबाईल करतो. दाव्याविषयी बोलायचं तर वकील आहेत. मग उरतं काय? नुसतं बसणं. तिला आठवलं, की वडील गेल्यापासून आई संध्याकाळी टीव्ही लावून त्याच्याकडं पाठ करून बसायची. आणि आपण साताऱ्याहून रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो, ती हो म्हणते, आणि आपण ठेवतो. या आठवणीनं राग गेला असं नाही, पण त्याची जागा हलली.

तिला खरी भीती आता हाक्याची वाटत होती. उद्या या वेळी डॉल्बी लावून अर्धा गाव त्या बांधावर चाल करून जाणार, मोबाईल पुढं धरून. उजेडात कोण बसलंय ते दिसणार. फोटो फोननं मिशा भरल्याशिवायसुद्धा कवठे महांकाळला जाणार. आई त्यानंतर बस्तीत जाणार नाही, दळणाला जाणार नाही, बांधावर तर नाहीच. पुन्हा टीव्हीकडं पाठ. हे टाळायला उद्या "एक" म्हणायचं, एवढंच करायचं होतं. दिवे दोन असताना एक म्हणायचं. सहा वर्षांत तिनं एकही आकडा इकडचा तिकडं केला नव्हता.

रविवारी सकाळी आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "ते तुझं यंत्र नेमकं काय वळखतं गं?"

"दिवे एक की दोन ते."

"लय जवळ असले तरी?"

"लय जवळ असले तरी. तेच तर त्याचं काम हाय."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "आन् दिवा एक आसला, माणसं दोन आसली, तर?"

ब्राह्मीनं पाण्याचा तांब्या पुढं ओढला. "यंत्र दिवे मोजतं," ती म्हणाली. "माणसं न्हाई."

"बरं," आई म्हणाली, आणि तिला आणखी अर्धी भाकरी वाढली. त्यानंतर दिवसभर दोघी शेंगा फोडत बसल्या आणि साताऱ्याच्या थंडीबद्दल बोलल्या.

संध्याकाळी जेवणं झाली. ब्राह्मी पेटी पुसत आत होती, तेवढ्यात बाहेरून "जाऊन येतो गं" असा आईचा आवाज आला आणि फाटक वाजलं. ती पेटी घेऊन सोप्यात आली तर खुंटीवर आईची बॅटरी लटकत होती. कॉटवर आईचा मोबाईल होता. चपला नव्हत्या.

ब्राह्मी खुंटीसमोर थांबली. आई सकाळी काय विचारत होती ते तिला कळलंच होतं, आणि तोडगाही कळला होता: एक दिवा कमी करायचा. पण त्यासाठी आई घरी बसली असती तरी चाललं असतं. रामगोंडाकाका एकटे बांधावर बसले असते, त्यांचा एक दिवा दिसला असता, गाव घरी गेलं असतं. सगळ्यात सोपं ते होतं, आणि आई सोपं सोडून अवघड करणारी बाई नव्हती. तरी ती गेली होती. ओढ्यातल्या दगडांवरून, उसाच्या कडेनं, जिथं दिवसासुद्धा नाग निघतात तिथून, अंधारात. एक संध्याकाळ चुकवायला नको म्हणून. चतुर्दशीची एक चुकली होती तेवढी तिला पुरे झाली असावी.

ब्राह्मीचा जो काय राग उरला होता तो तिथं खुंटीपाशी गेला. तिला आईची लाज वाटली नाही, कीव वाटली नाही. आपल्यासाठी कुणी असं अंधारातून चालत आलेलं नाही, हे मात्र तिच्या मनात येऊन गेलं. पेटी उचलून ती शाळेकडं निघाली.

शाळेच्या मैदानात जत्रा भरली होती. ट्रॅक्टर उभा होता, डॉल्बीवाला वायरी जोडत होता, भज्यांची गाडी आली होती. राहीलनं फोन चार्ज करून आणला होता. सयाजी फौजेची टोपी घालून पोरांना तीन तुकड्यांत विभागत होते आणि पोझिशन समजावून सांगत होते. ब्राह्मी जिना चढून गच्चीवर गेली. तिच्यामागं दादासो, सयाजी आणि जितकी माणसं कठड्यावर मावली तितकी. ओढ्यापलीकडं ठिपका होता.

तिनं नेम धरला. नेमाला जरा वेळ लागला, कारण ठिपका रोजच्या जागेवर नव्हता. बांधाच्या आपल्या बाजूला, पद्मावतीच्या शेतात वीतभर सरकला होता. अकरा वर्षांत रामगोंडाकाकांनी बांध ओलांडल्याचा हा पहिला सबळ पुरावा होता, पण तो कोर्टात देण्याजोगा नव्हता. तिनं दोन्ही वाटा जुळवल्या आणि काळ्या खिडकीला कान लावला.

पेटी गप्प होती. मैदानातलं कुत्रं भुंकलं, कुणीतरी भजी मागितली, पेटी गप्प. हवेचा म्हणून एखादा टिक् येतो तेवढा आला. तिनं नेम काढून पुन्हा धरला, कालव्याच्या बल्बवर जाऊन परत आली, आणखी वेळ मोजलं. दिव्याला मध्ये झाकोळल्यासारखं झालं. कुणीतरी समोरून गेलं असेल, किंवा जवळ बसलं असेल. पण दुसरा उजेड नव्हता. खोटं बोलायची तयारी करून आलेल्या ब्राह्मीला खोटं बोलायची संधीच मिळाली नाही.

"एक," ती म्हणाली.

"नक्की?" दादासोंनी विचारलं.

यंत्राच्या मर्यादेत, असं ती सवयीनं म्हणायला गेली आणि थांबली. "नक्की. एकच दिवा हाय. माणूस हाय."

कठड्यावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. खाली बातमी गेली तसा डॉल्बी बंद झाला. गावाला वाईट वाटलं हे उघड दिसत होतं. एवढ्या मोठ्या डोळ्यांचा बिबट्या हातचा गेला होता. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणालं, की माणूस तर माणूस, पण आहे कोण ते तरी जाऊन बघू, ट्रॅक्टर आणलाच आहे. दोनचार जण हो म्हणाले. ब्राह्मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

सयाजींनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग खाली घेतली आणि रुमालानं पुसली. "रामगोंडा हाय," ते म्हणाले. "पाणी पाजतोय. शेतकऱ्याला पाणी पाजताना काय बघायचं? तुकड्या बरखास्त." आणि जिना उतरताना, ब्राह्मीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, पुढं म्हणाले, "माझ्या दुर्बिणीत चार दिसतात, पोरी. मी कुणाला सांगत न्हाई." त्यांना त्यात नेमकं काय दिसलं होतं हे ब्राह्मीनं विचारलं नाही. भजी मात्र सगळी संपली.

आई परतली तेव्हा ब्राह्मी पायरीवर बसली होती. आईचं लुगडं घोट्यापर्यंत ओलं होतं, एका पायाच्या अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं. तिनं हौदावर पाय धुतले, अंगठ्यावर हळद दाबली. मग विचारलं, "काय सांगितलीस?"

"एक."

"बरं केलीस."

"बरं काय त्यात? एकच होता."

ब्राह्मी उठली, खुंटीवरची बॅटरी काढून आणली आणि तिच्या हातात दिली. आजच्या अंधारात आईला काही झालं असतं तर, हा विचार तासभर तिला बसू देत नव्हता. दोघींपैकी कुणीतरी कधीतरी बोलायलाच हवं होतं, आणि बोलायला हीच एक गोष्ट हाताशी होती.

"उद्यापासनं ही घेऊन जा," ती म्हणाली. "वड्यात कशावर पाय पडंल, काय नेम."

"दोन दिसतील की गं."

"दिसू देत."

आईनं तिच्याकडं पाहिलं. मग बॅटरीचं बटण दाबून ती लागते का ते बघितलं, उजेड जरा कमी वाटला म्हणून तळव्यावर एकदा आपटली, आणि आत नेऊन चार्जिंगला लावली.